बाईंच्या खाटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तपासणी कार्यालयाचे प्रमुख, माननीय संचालकसाहेब. खास वेळ काढून आलेले आजचे प्रमुख पाहुणे, सात शुश्रूषागृहांचे चालक महाशय. व्यासपीठावर जागा मिळालेले आणि न मिळालेले सर्व मान्यवर. माझे सहकारी निरीक्षक, आवक-जावक विभाग, वाहनचालक, शिपाई मंडळी. आणि निरोपाचं भाषण दहा मिनिटांत आटोपेल अशा भाबड्या आशेने बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

एकतीस वर्षं मी इथे बोलले कमी आणि लिहिलं जास्त. तपासणीच्या बाईने बघावं, लिहावं आणि तोंड बंद ठेवावं, असं माझ्या पहिल्या साहेबांनी बजावलं होतं. त्यामुळे माईक हातात आल्यावर जरा चाचपडायला होतंय. सांभाळून घ्या. आणि सूत्रसंचालक ताई, 'वेळ संपली'ची ती चिठ्ठी माझ्याकडे सरकवायची असेल तर सरकवा, पण मी चष्मा घरी विसरले आहे असं समजा.

संचालकसाहेब माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की क्षणभर मला वाटलं, मी निवृत्त होत नाहीये, वारलेच आहे. इतकं चांगलं आपल्याकडे माणूस गेल्यावरच बोलतात. त्यांनी माझ्या 'दर पाचवी खाट' या पद्धतीचा तीन वेळा उल्लेख केला. मानपत्रातही ती मोठ्या अक्षरांत छापली आहे. तेव्हा आधी त्याबद्दलच बोलते.

नऊ वर्षांपूर्वी आपली तपासणी कशी चालायची, हे जुन्यांना आठवत असेल. निरीक्षक शुश्रूषागृहात गेला की चालक त्याला आपल्या केबिनमध्ये बसवायचे. चहा व्हायचा. मग एखादी चकचकीत खोली दाखवायचे, तिथल्या एखाद्या हसऱ्या आजोबांशी गप्पा व्हायच्या, आणि निरीक्षक 'उत्तम' लिहून घरी. मला त्याचा वीट आला होता. म्हणून मी नियमावलीत एक परिच्छेद घातला. खोली कुणी निवडायची नाही, ना चालकाने, ना निरीक्षकाने. दारातून आत शिरायचं, डावीकडून खाटा मोजायच्या, दर पाचव्या खाटेशी थांबायचं. तिथला माणूस, त्याची चादर, त्याची कातडी, त्याचं पाणी, त्याची बेल, सगळं तपासायचं. साठ खाटांचं घर असेल तर बारा खाटा. त्या बारांवरून साठांचा अंदाज. कुणाची मर्जी नाही, कुणाची शिफारस नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. वरच्या कार्यालयाने ती पद्धत सगळीकडे लागू केली, तेव्हा मी घरी आरशासमोर उभं राहून स्वतःलाच 'शाब्बास' म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू?

आजच्या प्रमुख पाहुण्यांच्या सात घरांपैकी सगळ्यांत मोठ्या घराची तपासणी गेली सहा वर्षं माझ्याकडे होती. साठ खाटा, दोन मजले, पुढे बाग. सहा वर्षांत मी त्याला सहा वेळा 'उत्तम' दिलं. महाशय, तुमच्या स्वागतकक्षात ती सहाही प्रमाणपत्रं चौकटीत लावली आहेत, आणि प्रत्येकावर माझी सही आहे. मान हलवताय, म्हणजे बरोबर आहे.

आता आपल्या कार्यालयातल्या एका माणसाबद्दल. आपले मामा. शिपाई म्हणून लागले, शिपाई म्हणूनच पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मामा, उभे राहू नका, बसा. मी तुम्हाला पुढे बोलावत नाहीये.

दोन वर्षांपूर्वी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात मामा एकटे. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब. मामींना एकट्याने उचलणं मामांना जमेना. एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी घरं बघता. मामीला कुठे ठेवू?" मी कागदावरून मान वर न करता या घराचं नाव सांगितलं. वर म्हणाले, "मामा, डोळे झाकून ठेवा." हे माझेच शब्द. मामांनी ऐकलं. त्यांनी खरंच डोळे झाकले.

मामींना सोळा नंबरची खाट मिळाली.

पुढे दोन वर्षं मामा दर रविवारी तिथे जात होते आणि सोमवारी मला विचारल्यावर सांगत होते, "बरी आहे, बाई." मीही कधी खोलात शिरले नाही. दोन्ही वर्षी तपासणीला मी त्या घरात गेले. पंधराव्या खाटेशी थांबले, तिथल्या आजींची चादर उलटून पाहिली, बेल दाबून पाहिली. पंधरा आणि सोळाच्या मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे मामी आहेत, हे मला माहीत होतं. पण तपासणीच्या वेळी ओळखीच्या रुग्णाला भेटायचं नाही, हाही माझाच नियम. पक्षपात नको म्हणून. तेव्हा मी सोळाकडे पाठ करून उभी राहिले आणि पंधरासमोर बरोबरची खूण केली. दोन्ही वर्षी. नियमाला धरून वागल्याचं समाधान घेऊन परत आले.

मागच्या महिन्यात मी माझे खण रिकामे करत होते. मामा मदतीला होते. एकतीस वर्षांचा कचरा, अर्धा मी ठेवत होते, अर्धा ते फाडत होते. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आता जाताय. एक विचारू का?"

"विचारा की."

"उत्तमच्या वर एखादी श्रेणी असते का हो?"

म्हटलं, "नाही. उत्तम म्हणजे शेवटची. का?"

"काही नाही. मग ठीक आहे."

मी कागद खाली ठेवले. म्हटलं, "मामा, काय ठीक आहे?"

ते म्हणाले, "नाही म्हणजे, हिच्या टाचेला भोक पडलंय. आत पांढरं दिसतं. चादरीला चिकटते टाच, सोडवताना ओरडते. आणि वास येतो. मी दोन वर्षं मनाशी म्हणत होतो, बाईंनी उत्तम दिलंय, म्हणजे उत्तम असंच असत असणार. याच्या खालच्या घरांत काय होत असेल, या विचारानेच मी तिला हलवलं नाही."

मंडळी, मला आयुष्यात शिव्या पुष्कळ बसल्या आहेत. चालकांनी दिल्या, वकिलांनी दिल्या, एकदा एका स्वयंपाक्याने झारा घेऊन माझा पाठलाग केला. पण मामांनी त्या दिवशी इतक्या साध्या आवाजात जे सांगितलं, त्याने माझी मलाच किळस आली. ती अजून गेलेली नाही. गुच्छ हातात घेतला तेव्हाही ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न कळवता त्या घरात गेले. अधिकार होता, अजूनही साडेपाचपर्यंत आहे. दारातून शिरले आणि यंत्रासारखे पाय डावीकडे वळले. मग थांबले. मनात म्हटलं, आज उलट मोजू. वरच्या मजल्यावर गेले, शेवटच्या खिडकीपासून सुरुवात केली. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. पाचवी खाट आली छप्पन्न नंबरची. तिथे थांबले, तर मुख्य सिस्टर धावत आल्या. धाप लागलेली. म्हणाल्या, "बाई, तुमचं चुकतंय. मोजणी दारापासून असते!"

त्या माउलीला आपण काय बोललो ते कळलंच नाही. माझी चूक दुरुस्त केल्याच्या आनंदात ती माझ्याकडे बघून हसली. म्हटलं, "सिस्टर, मोजणी कुठून असते हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाल्या, "कुणी कशाला सांगायला हवं? दरवर्षी बघतोच की आम्ही."

खरंच आहे. दरवर्षी एक बाई दारातून शिरते, डावीकडून एक-दोन-तीन-चार-पाच करते आणि थांबते. सहा वर्षं करते. बघणारे आंधळे थोडेच आहेत? पहिल्या वर्षीच त्यांना उमगलं होतं. पाच, दहा, पंधरा, वीस अशा बारा खाटांवर ते हिंडते-फिरते, बोलके, नेटके म्हातारे ठेवतात. तिथे नवी गादी, तिथे हाताशी पाणी, तिथे चालू बेल. उरलेल्या अठ्ठेचाळीस मधल्या. तिथल्या एका मावशीला मी विचारलं की या खाटा वेगळ्या का दिसतात. तिने निरागसपणे सांगितलं, "त्या होय? त्या बाईंच्या खाटा." त्या घरात माझ्या नावाच्या बारा खाटा होत्या आणि मला पत्ताच नव्हता.

मग मी मधल्या खाटा पाहिल्या. चहा अजून आलेला नाही, ते बरंच झालं, कारण मी आता जे सांगणार आहे त्यानंतर तो घशाखाली उतरेलच असं नाही. छप्पन्न नंबरच्या आजोबांची लघवीची पिशवी भरून तट्ट झाली होती आणि जमिनीवर लोळत होती; तिच्यावरून कुणीतरी खाट सरकवली होती. एक्कावन्नच्या आजी ओल्या होत्या. आत्ताच्या ओल्या नव्हेत. चादरीवर पिवळ्या कडांची तीन वर्तुळं होती, एकात एक, म्हणजे तीनदा वाळून पुन्हा ओलं झालेलं. त्यांच्या कंबरेखालची कातडी हाताला लागली आणि हातावरच राहिली. पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता लटकत होता. दर दोन तासांनी कूस बदलली, सही. मी सकाळी पावणेअकराला वाचत होते आणि संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. भविष्य सांगणारी माणसं नेमली असावीत.

न्हाणीघरात एक बादली. बादलीत अकरा कवळ्या. सगळ्यांच्या एकत्र धुतलेल्या, पाण्यावर कालच्या जेवणाचा तवंग. मावशी एक-एक उचलून म्हाताऱ्यांच्या तोंडात घालत होत्या आणि म्हणत होत्या, "लावून बघा, बसली तर तुमची." 'आपलेच दात आणि आपलेच ओठ' असं आपण म्हणतो. त्या घरात तेवढीही खात्री नाही. एक आजोबा दुसऱ्याची कवळी लावून, हिरड्यांतून रक्त येत असताना, मला 'नमस्कार' म्हणाले. मी एकतीस वर्षांची मुरलेली बाई, न्हाणीघराच्या दाराला धरून उभी राहिले. आणि वर सगळीकडे लिंबाचा वास! यंत्रं लावली आहेत, दर पाच मिनिटांनी फुस्स करतात. मला त्या घाणीपेक्षा त्या लिंबाची जास्त शिसारी आली. घाण निदान खरी होती.

सोळाव्या खाटेशी मी पडदा सरकवला. मामींनी मला ओळखलं. त्यांच्या टाचेबद्दल मी इथे बोलणार नाही. मामा समोर बसलेत आणि ते रोज ती डोळ्यांसमोर घेऊन फिरतात. एवढंच सांगते की त्यांच्या बेलची दोरी भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवली होती, उंचावर. मी म्हटलं, हे काय? सिस्टर म्हणाल्या, "बाई, हातात दिली की वाजवतात."

पुढचं साहेबांना ठाऊक आहे, पण तुम्हाला नाही. मी अहवाल लिहिला. असमाधानकारक, नवे रुग्ण घेणं बंद, जखमा असलेल्यांना सात दिवसांत सरकारी रुग्णालयात हलवावं. साहेबांच्या टेबलावर ठेवला. अकरा दिवस तो तिथे होता. बाराव्या दिवशी परत आला, आवक-जावकच्या शिक्क्याशिवाय, म्हणजे तो कधी आलाच नव्हता अशा थाटात. वर एक चिठ्ठी: 'नमुना विहित पद्धतीने निवडलेला नाही. खाटा दारापासून मोजलेल्या नाहीत. सबब अहवाल ग्राह्य धरता येत नाही.'

माझाच परिच्छेद माझ्याच तोंडावर मारला. साहेब, त्याबद्दल दाद देते. हसू नका मंडळी, साहेब कायद्याने बरोबर होते. साहेब असंही म्हणाले की आता तुम्ही निवृत्तच होताय, पुढच्या फेरीत नवी निरीक्षक बघेल. पुढची फेरी म्हणजे पुढचं वर्ष. पंधरवड्याने आजच्या समारंभाची पत्रिका आली आणि प्रमुख पाहुणे म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहिलं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, असा प्रश्न मला तेव्हा पडला. मग लक्षात आलं, की त्या कुंपणातला सगळ्यांत जुना खांब मीच.

नाही महाशय, बसून राहा. तुमचा सत्कार अजून व्हायचाय. दार तिकडून बंद आहे.

नियमावली मी लिहिली आहे, त्यामुळे तिच्यातली एक गोष्ट मला पाठ आहे. नमुना चुकू शकतो. पण ज्याने सगळंच मोजलं, त्याला 'नमुना चुकला' असं म्हणता येत नाही. काल आणि आज सकाळी मी आणि माझ्या जागी येणारी नवी निरीक्षक, ही इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, आम्ही दोघींनी साठच्या साठ खाटा तपासल्या. दारापासून मोजा, खिडकीपासून मोजा, झोपून मोजा.

आणि काय सापडलं सांगू? माझ्या आधीच्या भेटीनंतर त्या घरात सुधारणा झाली होती! खरंच झाली होती. पाच, दहा, पंधरा या खाटा चकचकीत होत्याच. त्यांच्या जोडीला आता एक, सहा, अकरा, सोळा, एकवीस, अशा आणखी बारा चकचकीत झाल्या होत्या. म्हणजे खिडकीकडून मोजलं तर येणाऱ्या. बाई आता दोन्हीकडून मोजते, एवढाच धडा त्यांनी घेतला. चोवीस खाटा स्वच्छ. छत्तीस जशाच्या तशा, चिकट, ओल्या, त्याच बादलीतल्या कवळ्या लावलेल्या. इतकी मेहनत, इतकी बुद्धी, इतका हिशेबीपणा. याच्या निम्म्या कष्टात सगळ्या साठ जणांच्या चादरी बदलून झाल्या असत्या. मला सगळ्यांत जास्त शिसारी याची आली. आळशीपणा मी समजू शकते. हा आळस नव्हता.

सोळा नंबर आता बाईंची खाट झाल्यामुळे मामींचे दिवस पालटले. टाचेला पट्टी, स्वच्छ चादर, आणि बेल हातात. काल मी मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते हळूच म्हणाले, "बाई, आता तिचं बरं चाललंय. उगाच कशाला ताणता? तिलाच हलवतील, पुन्हा कुठे नेऊन टाकतील." मामा, तुमचा राग नाही आला. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी बराच वेळ त्यावर विचार केला, आणि खरं सांगते, अहवाल फाडायचं माझ्या मनात आलं होतं. मामींचं बरं चाललंय, माझा गुच्छ तयार आहे, साहेबांचं भाषण तयार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आज सकाळी मी सोळाशी उभी होते, तेव्हा मुख्य सिस्टर मामींची तक्रार करत होत्या. "बाई, ह्यांना जरा समजवा. चार दिवसांपूर्वी बेल हातात दिली, तेव्हापासून दिवसभर वाजवतात. धावत यावं तर ह्यांना काही नको असतं. पाणी नको, भांडं नको, काही नको."

मी म्हटलं, "मामी, काय हवंय?"

मामींना बोलता येत नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्याकडे दाखवला. पंधराकडे नव्हे, दुसऱ्या बाजूला. सतरा नंबरकडे. मी पडदा सरकवला. सतरा नंबरला एक म्हातारी बाई, भिंतीकडे तोंड करून, कालच्याच ओल्या चादरीवर. तिची बेल खिळ्याला गुंडाळलेली. मामी चार दिवस तिच्यासाठी बेल वाजवत होत्या. सिस्टर चार दिवस धावत येऊन मामींची चादर ठीकठाक करत होत्या आणि परत जात होत्या. माझ्यासोबतची नवी निरीक्षक तोंड फिरवून बाहेर गेली. ती रडत होती. मी नाही रडले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असताना रडू येत नाही.

म्हणून हा अहवाल. साठ खाटा, साठ पानं, दोघींच्या सह्या. आवक-जावकचे आपले भाऊसाहेब पहिल्या रांगेत आहेत. त्यांना मी सकाळीच सांगितलं होतं की शिक्का आणि शाईची डबी घेऊन या, निरोप समारंभात लागेल. त्यांना वाटलं मानपत्रावर मारायचाय. भाऊसाहेब, माझी नोकरी साडेपाचला संपते. कार्यालयाच्या आवारात, कामाच्या वेळेत, निरीक्षकाने दिलेला कागद तुम्हाला घ्यावाच लागतो. शिक्का पडला की सात दिवसांत कारवाई करणं बंधनकारक आहे. हेही त्याच नियमावलीत आहे, साहेब, एक्केचाळिसावं पान. तो परिच्छेद मात्र अजून कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

माईक बंद करू नका. माईकशिवायही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला बोलता येतं, पण संचालकसाहेबांच्या कानांना त्रास होईल.

भाऊसाहेब, साहेबांकडे बघू नका. कागदाकडे बघा.

उठताय? नाही? बरं.

मामा, तुम्ही का उठलात? मामा, मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमची अजून एक वर्षाची नोकरी आहे, मामी अजून त्या घरात आहेत, तुम्ही बसा. मामा, ऐका माझं.

बरं. घ्या. दोन्ही हातांनी घ्या, जड आहे.

मंडळी, मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल म्हणून सांगते. मामांनी फाईल भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवली आहे आणि ते समोर उभे आहेत. फक्त उभे आहेत.

भाऊसाहेबांनी डबी उघडली.

पडला. वेळ लिहा भाऊसाहेब, पाच वाजून नऊ मिनिटं. मामा, पोच माझ्याकडे आणा.

आता आभार, तेवढे राहिले आहेत. संचालकसाहेबांचे आभार, की त्यांनी मला हे व्यासपीठ दिलं. पुन्हा देतील असं वाटत नाही. प्रमुख पाहुण्यांचे आभार, की ते दाराकडे निघालेले असूनही अजून सभागृहात आहेत. नव्या निरीक्षकबाईंचे आभार; त्यांना एवढंच सांगते की माझी पद्धत आजपासून वापरू नका, आणि तुमची कुठली पद्धत ठरली तर ती दोनदा वापरू नका. मामांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि त्यांना ते ऐकायलाही आवडणार नाहीत. ते चहाचं बघायला निघालेत.

भाषणात, कामात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. ती मी तुमच्यापुढे पाळणार नाही. तुम्ही लगेच क्षमा कराल, टाळ्याही वाजवाल, आणि मला ती क्षमा नको आहे. सहा वर्षं मी मधल्या खाटांकडे पाठ करून उभी राहिले. क्षमा करायची तर त्यांनी करायची. काल मी जुनी नोंदवही काढून माझ्या पहिल्या 'उत्तम'च्या वर्षी त्या अठ्ठेचाळीस खाटांवर कोण होतं ते पाहिलं. त्यांतले चौघे आज हयात आहेत. त्या चौघांना मी सकाळी भेटले, हात जोडले. तिघांना मी कोण ते कळलं नाही. चौथ्या आजी म्हणाल्या, "क्षमा कसली गं, आधी मला कोरडं कर."

मी केलं. धन्यवाद.